न विचारता तोडलेल्या कैऱ्या

मार्थाबाईंच्या सामानात वाघासाठी एक शिटी होती. वाघ समोर आला की ती जोरात फुंकायची, म्हणजे तो पळतो, असं त्यांना त्यांच्या गावच्या चर्चमधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं होतं. त्या बाईंनी वाघ कुठे पाहिला होता ते मी विचारलं नाही. मी सहसा कोणाला काही विचारत नाही.

मी चांद्याच्या मिशन बंगल्यात स्वयंपाक करते. जंगलातून परत आल्यापासून पुलगावच्या माझ्या बहिणीचं 'काय पाहिलंस, सांग की' असं चाललं आहे. तोंडानं सांगायला गेले की पहिल्या वाक्यातच माझं घोडं अडतं, म्हणून लिहून काढते आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर बरं आहे.

दोघी मिसबाई अमेरिकेच्या. मार्थाबाई उपदेशासाठी आलेल्या, उंच आणि काटकुळ्या. एल्सीबाई नर्स, अंगानं भरलेल्या, उन्हात टोमॅटोसारख्या लाल होणाऱ्या. त्यांच्या वडिलांच्या गाई होत्या, त्यामुळे शेणाला नाक मुरडत नसत. मराठी दोघी महाबळेश्वरला एका पुणेरी पंडितांकडे शिकल्या होत्या. ती इतकी शुद्ध होती की चांद्याच्या बाजारात कोणाला कळत नसे. मार्थाबाई भाजीवालीला म्हणत, "आपल्याकडील वांगी ताजी आहेत काय?" ती बिचारी आधी पदर सारखा करी आणि मग म्हणे, "घ्या ना बाई, रागावता काऊन?"

मोठ्या पादरीसाहेबांनी एल्सीबाईंना बजावलं होतं. धानोऱ्यापलीकडच्या जंगलात दवाखाना काढायचा असेल तर गावानं आपणहून जागा दिली पाहिजे, तीही पावसाळ्याच्या आधी. नाही दिली तर चांद्याला परत यायचं आणि मोठ्या दवाखान्यात पट्ट्या गुंडाळत बसायचं. त्या दवाखान्यात पट्ट्या गुंडाळणाऱ्या आधीच भरपूर होत्या. एल्सीबाई समुद्र ओलांडून आल्या त्या काही त्यासाठी नाही. सोबत गावोगाव बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबलबाई जायच्या होत्या, त्यांना ऐन वेळी कावीळ झाली. तेव्हा स्वयंपाकालाही होईल आणि सोबतीलाही होईल म्हणून मला पाठवलं. सोबतीला म्हणजे बोलायला. मला!

निघताना आमच्या आळीतल्या बायकांनी मला सांगितलं की गोंड लोक मीठ खात नाहीत, रात्री झाडावर झोपतात आणि परक्या बाईला जादूनं बकरी करून ठेवतात. मी मीठ दुप्पट घेतलं. बकरीवर उपाय कोणी सांगितला नाही.

वैनगंगा

मार्थाबाई रोज दुपारी आईला पत्र लिहीत. तिकडे ते रविवारी चर्चमध्ये सगळ्यांपुढे वाचलं जाई आणि ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी येई, असं त्या सांगत. मराठीचा सराव सुटू नये म्हणून लिहून झालं की त्या मला ते मराठीत करून ऐकवत आणि चुका काढायला सांगत. मी व्याकरणाच्या चुका काढत असे. बाकीच्या काढायचा मला धीर झाला नाही.

गडचिरोलीच्या अलीकडे वैनगंगा लागते. चैत्रातली नदी ती, अर्धी वाळू आणि अर्धं पाणी. बैलगाडी पाण्यात शिरली, बैल मधेच उभे राहून पोटभर पाणी प्यायले, गाडीवानानं तोंड धुतलं, आणि आम्ही पलीकडे गेलो. माझ्या वहाणासुद्धा भिजल्या नाहीत.

दुपारी पळसाखाली बसून मार्थाबाईंनी ऐकवलं, "आज आम्ही मगरींनी भरलेली एक महानदी ओलांडली."

मी म्हटलं, "मगरी कुठे होत्या, मिसबाई?"

"दिसल्या नाहीत, ताराबाई. परंतु दिसल्या नाहीत म्हणजे नव्हत्या असे नव्हे."

देवाबद्दलही त्या असंच सांगतात, म्हणून 'भरलेली' बरोबर आहे, एवढं सांगितलं.

कुसुमटोला

गाव लहान. मोहाच्या झाडांच्या गर्दीत घरं अशी लपलेली की गाडी अंगणात येईपर्यंत गाव दिसलं नाही. पाटलांनी आमच्यासाठी आपली धान्याची खोली रिकामी केली होती. पाटलीणबाईंनी ती लालसर मातीनं सारवून दाराशी पांढरी बोटं ओढली होती. आमच्या बंगल्यातल्या माझ्या खोलीपेक्षा ती थंड आणि स्वच्छ होती. पत्रात तिचं झालं 'मातीची अंधारी झोपडी, जिथे आम्ही आनंदाने दुःख सोसतो.'

मी भीत भीत मीठ बाहेर काढलं तर पाटलीणबाई हसायला लागल्या. "एवढं मीठ कायले आनलं, बाई? दुकान टाकता का इथी?" त्यांनी मला हळूच विचारलं, "चांद्यात म्हने शेजारी मेला तं शेजाऱ्याले पेपरात वाचून माईत होते. खरं का?" तेव्हा मला कळलं की आमच्याबद्दलही इकडे सांगणारे लोक आहेत.

मोहफुलांचा हंगाम होता. झुंजुमुंजू झालं की बायका टोपल्या घेऊन झाडाखाली वाकत, आणि ऊन चढेपर्यंत सगळ्या अंगणांत पिवळसर फुलं वाळत पडलेली असत. गावभर गोड, जरा आंबूस वास. पाटलीणबाईंनी ती फुलं घालून केलेली भाकर दिली. गूळ घातल्यासारखी लागली. मार्थाबाईंनी आधी विचारलं, यातून दारू होते काय? पाटील म्हणाले, "होते ना. पन भाकरीतून नाई होत."

पाटील फार थोडं बोलत, पण बोलत तेव्हा समोरच्याला पुढं काही सुचत नसे. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. मार्थाबाईंनी त्यांना विचारलं, यामुळे आपल्या जीवनात कोणता बदल झाला? पाटलांनी चहूकडे पाहिलं. "कुठी गेला जिल्हा? इथीच तं आहे."

एल्सीबाईंचं मात्र पहिल्या सकाळपासून जमलं. त्या जमिनीवर मांडी घालून बसत, खरूज, डोळे, पायातले काटे, जे येईल ते पाहत. त्यांची मराठी मार्थाबाईंच्या निम्मीही नव्हती, 'दुखते?' आणि 'शाबास' यावर त्यांचं भागे. गायताही रोज येई. गायता म्हणजे गावच्या देवाचं सगळं करणारा माणूस, वाळून कोळ झालेला, पायाला जुनी जखम. तो एल्सीबाईंकडून पट्टी बांधून घेई आणि वर स्वतः काहीतरी पुटपुटून फुंकर मारी. एल्सीबाईंनी ते चालू दिलं. जखम भरत आली. कोणामुळे, यावर दोघांनीही वाद घातला नाही.

पाटील एका संध्याकाळी म्हणाले, "थ्या आवळीच्या झाडाजवळची जागा बरी राहीन दवाखान्याले. गावाले विचारू." एल्सीबाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही, आनंदानं.

कैऱ्या

आमच्या खोलीच्या मागं आंब्याचं झाड होतं. फांद्या कैऱ्यांनी वाकलेल्या, हात वर केला की येतील अशा. आणि पोरंसुद्धा हात लावत नव्हती. पुलगावला असं झाड होळीच्या आत उघडं झालं असतं. मलाही नवल वाटलं. मार्थाबाईंनी त्यावर आईला एक पानभर लिहिलं. झाडाला अन्न लटकला आहे, तरी हे लोक आंबील पिऊन राहतात, हात वर करण्याचेही यांना कोणी शिकवलेले नाही, वगैरे. मी 'लटकला'चं 'लटकले' केलं.

मग एल्सीबाईंचा वाढदिवस आला. त्यांच्याकडे त्या दिवशी सफरचंद भरून भाजलेली गोड पोळी करतात. सफरचंद कुठून आणायचं? मार्थाबाई म्हणाल्या, कैरीची करू. एल्सीबाईंनी ओचाभर कैऱ्या तोडल्या. मी त्या किसल्या, गुळात शिजवल्या, पिठाच्या दोन पोळ्यांमध्ये भरल्या, आणि रॉकेलच्या रिकाम्या डब्यात घालून खाली-वर निखारे ठेवून भाजलं. वास असा सुटला की सगळ्या गावची पोरं कुंपणाशी जमा झाली. मार्थाबाईंनी डोळे मिटून, हात जोडून देवाचे आभार मानले आणि तुकडे वाटत सुटल्या. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. गुपचूप घेतलं. खाल्लं. कोणी हसलं नाही, ओरडलं नाही, आणखी मागितलंही नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी पोळी चिकटली म्हणून डबा खरवडत होते.

पत्रात ओळ आली, "आज मुलांनी आमच्या हातून खाल्ले. गावाचे दार उघडले आहे."

दुसऱ्या सकाळी औषधाला कोणीच आलं नाही. गायतासुद्धा नाही. एल्सीबाई पट्ट्या मांडून बसून राहिल्या. ऊन चढल्यावर पाटलीणबाई आल्या, पण अंगणाच्या आत आल्या नाहीत.

"बाई, काल पोट्टेहीले काय खाऊ घातलं तुमी?"

"गोड पोळी. कैरीची."

"कोनत्या झाडाची कैरी?"

मी मागं बोट दाखवलं. पाटलीणबाई होत्या तिथंच मटकन बसल्या. "अवो, अजून पंडूम झाला नाई ना!"

पंडूम म्हणजे सण. कैरी आली की सगळं गाव मिळून आधी देवाला देतं, गायता त्याला विचारतो, आणि मग लोक तोंडात घालतात. त्याआधी कोणी तोडत नाही, चाखत नाही. पाहुण्यांच्या गावाला निरोप गेले होते, चंद्र भरायची वाट पाहणं चाललं होतं. असं आधी खाल्लं तर देव रागावतो, वाघ माणसाच्या वाटेवर येऊन बसतो. आता ज्या ज्या पोरानं खाल्लं त्याच्या बापाला कोंबडं द्यावं लागणार होतं, आणि पोरं तर प्रत्येक घरची होती.

एल्सीबाईंनी मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "जागा?"

मी ते पाटलीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आता कायची जागा, बाई? तुमच्या हातचं औषध तरी कोन घेईन?"

एल्सीबाईंनी पट्ट्या एकेक करून पेटीत परत ठेवल्या. फार नीट गुंडाळून ठेवल्या. ते मला पाहवलं नाही.

पाटलांच्या अंगणात

दुपारी सगळं गाव बसलं. आम्हा तिघींना पुढं बसवलं, आणि कोणी रागावूनही बोललं नाही, हे जास्त अवघड होतं.

पाटलांनी विचारलं, "तोडलं कोनं?"

"मी," एल्सीबाई म्हणाल्या.

"रांधलं कोनं?"

माझ्या तोंडून 'मी' निघालं, पण इतकं हळू की पाटलांनी बायकोकडे पाहिलं. "थे बाई हो म्हनते," पाटलीणबाई म्हणाल्या.

"वाटलं कोनं?"

"मी वाटले," मार्थाबाई म्हणाल्या. "प्रेमाने."

गायतानं माझ्याकडे मान वळवली. "बाई, तुमच्या चांद्यात कैरी कवा खातेत?"

मी जे खरं ते बोलले. "दिसली की."

सगळं अंगण हसलं. एक म्हातारी तर डोळे पुसायला लागली. मला जमीन दुभंगावी असं झालं, पण हसल्यामुळे जरा हवा मोकळी झाली.

"देवाले न देता?" गायता म्हणाला.

एल्सीबाई पुढे सरकल्या. दोन-दोन शब्द जोडून म्हणाल्या की असं नाही, आमच्याकडेही नवं धान्य आधी देवाच्या घरी नेतात. ते खरंच आहे. चांद्याला आमच्या कापणीच्या सणाला पहिली कणसं, पहिला भोपळा चर्चमध्ये ठेवतात. त्यांना वाटलं, हे सांगितलं की गावाला बरं वाटेल.

गायता म्हणाला, "मंग तुमाले माईत होतं."

एल्सीबाई पुढे सरकल्या होत्या तेवढ्याच मागं सरकल्या.

"रोज जेवाच्या आंधी डोळे मिटून कोनासंग बोलता तुमी?" त्यानं मार्थाबाईंना विचारलं. "मी पाहून राह्यलो रोज."

"देवाशी. त्या दिवशीही आम्ही देवाचे आभार मानले."

"कोनत्या देवाचे?"

"आमच्या... सर्वांच्या."

गायतानं बाकीच्यांकडे पाहिलं, जणू आता सगळं स्पष्टच झालं. "झाड आमच्या गावचं," तो म्हणाला, "अन् विचारलं तुमच्या गावच्या देवाले."

मार्थाबाईंना पंडितांनी शिकवलेल्या मराठीत याला उत्तर नव्हतं. मला वाटतं इंग्रजीतही नसावं.

पाटलांनी मार्ग काढला. घरोघरचे कोंबडे नकोत. एक कोंबडा मिसबाईंनी द्यावा, गायता देवाशी बोलेल, सगळे मिळून जेवतील, गोष्ट मिटेल. गावाला हे पटलं. अडलं ते मार्थाबाईंपाशी. मूर्तीपुढं बळी द्यायचा म्हणजे आमच्या धर्माच्या मुळावरच घाव. पादरीसाहेबांना कळलं तर दोघींची तिकिटं निघणार.

कोंबडा होता. एका बाईनं पोर बरं झालं म्हणून एल्सीबाईंना दिलेला, खुराड्यात झाकलेला. मार्थाबाई खुराड्याकडे पाहून पाटलांना म्हणाल्या, "आम्ही तो देऊ शकत नाही. परंतु तो स्वतःहून सुटला, तर त्यास आम्ही जबाबदार नाही."

पाटलांनी अगदी गंभीरपणे मान हलवली. "सुटते कधी कधी कोंबडं."

खुराड्याचं दार उघडलं. मार्थाबाई आभाळाकडे पाहू लागल्या. पाटील चिलमीकडे, पाटलीणबाई माझ्याकडे, गाव इकडेतिकडे. कोणीच कोंबड्याकडे पाहत नव्हतं. कोंबडा दारात आला, उन्हाकडे पाहिलं, आणि परत आत जाऊन बसला. पाटील खाकरले. कोणीतरी जीभ टाळ्याला लावून आवाज केला. मार्थाबाईंनी आभाळाकडे बघतच पायानं खुराडं जरा कलतं केलं. कोंबडा आतच घसरून दुसऱ्या कोपऱ्यात बसला. असा धर्म पाळणारा कोंबडा मी दुसरा पाहिला नाही.

शेवटी एल्सीबाई उठल्या, हात घालून त्याला बाहेर काढलं आणि सरळ गायताच्या हातात दिला.

"एल्सी!" मार्थाबाई ओरडल्या.

"मी देते," एल्सीबाई मराठीत म्हणाल्या, गावाला कळावं म्हणून. "देवाला नाही. मुलांच्या आईबापांसाठी."

गायता म्हणाला, "कोनासाठी होय थे देवाले मी सांगतो. तुमी त्याच्यात पडू नोका."

त्या संध्याकाळी सगळ्यांनी पळसाच्या पानांवर जेवण केलं. एल्सीबाई जेवल्या. मार्थाबाईंनी कोरडा भात खाल्ला. मी दोन्ही बाजूंचा मान राखायचा म्हणून भातही खाल्ला आणि रस्साही. चांगला झाला होता, मीठ जरा कमी.

आवळीजवळची जागा

जेवणं झाल्यावर पाटील म्हणाले, "गाव जागा द्याले तयार आहे. आता जमिनीले विचारा लागते."

पंडूमच्या चुकीनंतर 'विचारणं' हा शब्द आम्हाला चांगलाच कळत होता. गायता आवळीजवळ गेला, जमीन झाडली, तांदळाचे दाणे मोजून जोडीजोडीनं मांडले, वर मडकं पालथं घातलं. सकाळी दाणे जसेच्या तसे असले तर जमीन हो म्हणाली. विखुरले, कमी झाले, तर नाही म्हणाली, आणि मग त्या गावात दवाखाना होणं नाही. पाटलांच्या पोराचं घरही असंच विचारून बांधलं होतं. त्याला पहिल्या जागेनं नाही म्हटलं होतं.

मार्थाबाई तिकडे फिरकल्या नाहीत. खोलीत बसून त्यांनी मला सांगितलं की ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, दाण्यांवर कोणाचे भवितव्य अवलंबून नसते, आणि एल्सीच्या भोळेपणाची त्यांना काळजी वाटते. एल्सीबाई पट्ट्यांच्या पेटीवर डोकं टेकून झोपल्या.

सकाळी मी मोह वेचणाऱ्या बायकांबरोबर उठले. मार्थाबाईंचं अंथरूण रिकामं होतं. पाहते तो त्या आवळीपासून थोड्या अंतरावर, दवानं ओल्या गवतात गुडघे टेकून, डोळे घट्ट मिटून बसलेल्या. नेहमीच्या प्रार्थनेपेक्षा पुष्कळच जोर लावून. माझी चाहूल लागली तसं त्यांनी डोळे उघडले.

"ताराबाई, माझ्याबरोबर प्रार्थना करा."

"कशासाठी, मिसबाई?"

त्या कानापर्यंत लाल झाल्या, एल्सीबाई उन्हात होतात तशा.

"मुंग्या," त्या म्हणाल्या. "मडक्याच्या खालून मुंग्या आत जाऊ शकतात. मी पाहिले आहे."

मी त्यांच्या शेजारी गुडघे टेकले. शब्द सुचेनात, म्हणून मी नुसतंच मनात म्हटलं, देवा, मुंग्यांना दुसरीकडे काहीतरी दे.

गाव जमलं. एल्सीबाई आल्या, हात पदरात घ्यावेत तसे झग्यात गुंडाळून. गायता आपल्या भरत आलेल्या पायावर उकिडवा बसला, मडक्याला हात लावून काहीतरी पुटपुटला, आणि मडकं उचललं.

दाणे जोडीजोडीनं होते तसेच होते. एकही हलला नव्हता.

"हो म्हनते," गायता म्हणाला.

"आमेन!" मार्थाबाई इतक्या जोरात म्हणाल्या की आवळीवरचे पोपट उडाले. गायतानं वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे ओले गुडघे पाहिले, झग्याला चिकटलेलं गवत पाहिलं. मग एका कारागिरानं दुसऱ्याला ओळख द्यावी तशी हळूच मान हलवली. आणि मार्थाबाईंनीही, बहुधा नकळत, तशीच परत हलवली.

एल्सीबाई खाली बसून रडत होत्या. पाटलीणबाई त्यांच्या पाठीवर थापटत "शाबास, शाबास" म्हणत होत्या. हा शब्द त्यांनी एल्सीबाईंकडूनच उचलला होता.

दुपारी पत्र झालं. यावेळी ते फार लहान होतं. मार्थाबाईंनी कागद धरला, माझ्याकडे न पाहता मराठीत वाचलं, "आम्ही गुडघे टेकून प्रार्थना केली, आणि दवाखान्यासाठी जागा मिळाली."

मग कागदाची घडी घालत त्यांनी विचारलं, "यात काही चूक आहे काय, ताराबाई?"

ते वाक्य मी पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं. एकही चूक नव्हती.